शिसे, सळई आणि तोटी

नाशिकचे नाव धातूंच्या संदर्भात निघाले की बोलणारा बहुधा तांबट आळीतील घागरींपाशी किंवा सराफ बाजारातील चांदीपाशी थांबतो. शिशाची आठवण कोणाला होत नाही, आणि ती होऊ नये असेच या धातूचे एकंदर रूप आहे. रंगाने मलीन, नादाने बद्द, नखानेही ओरखडा उमटावा इतका मऊ, हातात घेतला तर काळे लावणारा आणि पोटात गेला तर आयुष्याची धूळधाण करणारा असा हा धातू. पण छापखान्यातील खिळे, मोटारीच्या बॅटरीतील जाळी, गळाला आणि जाळ्याला लावायची वजने आणि बंदुकीची गोळी हे सर्व जिन्नस त्याच्याच कृपेने शक्य झाले. फाळणीनंतर ज्या गावाच्या शेजारी, देवळालीला, हिंदी लष्कराचे तोफखाना विद्यालय येऊन वसले, त्या गावी तरी शिशाच्या ओतकामाचे एक प्रकरण अस्थानी ठरू नये. प्रकरणाचा विषय मात्र संकुचित आहे: बुडातून धार सोडणारे शिशाचे पात्र, आणि त्याच्या तोटीतून दांडा खाली असतानाही टपटपत राहणारे शिसे.

हे पात्र म्हणजे पोलादाचा किंवा ओतीव लोखंडाचा एक उभा डबा असतो. त्याच्या अंगाभोवती विजेची तापणारी तार गुंडाळलेली, तळाच्या मध्यभागी एक आखूड तोटी, आणि त्या तोटीच्या वरच्या मुखावर बरोबर येऊन बसणारी, निमुळत्या टोकाची एक पोलादी सळई. सळईचे वरचे टोक एका दांड्याला जोडलेले असते. दांडा उचलला की सळई वर येते आणि खाली धरलेल्या साच्यात शिशाची धार पडते, दांडा सोडला की सळई बैठकीवर येते आणि धार तुटते. अमेरिकेतील हौशी नेमबाज आपल्या गोळ्या घरच्या घरी ओततात, आणि त्यांच्या पडवीत मिळणारे पात्र बहुधा १० किंवा २० पौंड शिसे मावेल एवढे असते. २० पौंड म्हणजे ९ किलो; ऐकायला हा मोठा भार वाटतो, परंतु घनफळाने तेवढे शिसे लिटरभरही होत नाही.

आपल्याकडे हा छंद त्या रीतीने करता येत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने ‘दारूगोळा’ या संज्ञेत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्रीदेखील अंतर्भूत केली आहे, आणि परवान्यावाचून त्याची निर्मिती हा अपराध ठरवला आहे. सबब हे प्रकरण वाचून कोणी इगतपुरीच्या बाजूला ठासणीच्या बंदुकीसाठी गोळ्या ओतण्यास बसेल, तर त्याची गाठ पात्रातल्या गळतीशी पडण्याआधी फौजदाराशी पडेल. पण पात्राला स्वतःला गोळीचे काही वेड नसते. गळाची वजने, छापखान्याचे खिळे, बॅटरीचे टोपण-जोड, कशाचेही शिसे त्यात वितळते आणि सगळ्यांच्याच हातात ते एकाच कारणाने गळते.

मराठ्यांच्या अमदानीत हा प्रश्न नव्हता, कारण तोटीच नव्हती. तोफेचे लोखंडी गोळे ही कारखान्याची बाब होती. माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत ओतूरजवळ आंबेगव्हाण येथे असा कारखाना निघाला होता. बंदुकीच्या गोळीला मात्र कारखाना लागत नसे. तोड्याच्या बंदुकांच्या नळ्या एका मापाच्या नसत, त्यामुळे ज्याच्या त्याच्या बंदुकीजोगा साचा ज्याच्या त्याच्यापाशी असावा लागे, आणि चुलीवरच्या लोखंडी पळीत शिसे वितळवून ते त्या चिमट्यासारख्या साच्यात ओतले की काम भागे. टंचाई होती ती खुद्द शिशाची. ते या मुलुखात निघत नाही. सुरतेच्या आणि राजापूरच्या वखारवाल्यांकडून, बनात आणि तांब्याबरोबर, ते विकत घ्यावे लागे, आणि वखारवाल्यांना ही गरज ठाऊक असल्यामुळे शिशाचा सौदा हा नेहमी काही ना काही राजकारण पोटात घेऊनच होई. १८१८ साली मालेगावच्या किल्ल्यातील अरबांनी इंग्रजी फौजेला सुमारे महिनाभर दाद दिली नाही, तेव्हा असल्या शिबंदीचा कितीतरी भरवसा चुलीवरच्या पळीवर आणि गाठोड्यातल्या साच्यावर होता.

पळी गळत नाही, हा तिचा मोठा गुण. मग तोटी काढण्याचा खटाटोप कोणी आणि का केला, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर शिशाच्या पृष्ठभागाकडे पाहिल्याबरोबर मिळते. वितळलेले शिसे क्षणभर आरशासारखे लकाकते आणि लगेच त्यावर राखाडी-पिवळट साय धरू लागते. हवेतला प्राणवायू आणि शिसे यांचा तो संयोग असतो, आणि तीच साय अधिक तापली, अधिक जमली की आपल्या वैद्यांच्या आणि रंगाऱ्यांच्या परिचयाचे मुरदाडशिंग होते, पुढे तेच योग्य आचेवर भाजले की देवाला लागणारा शेंदूर. पळीने शिसे घेणाऱ्याला ही साय प्रत्येक वेळी बाजूला सारावी लागते, आणि एखादा कण साच्यात गेलाच तर ओतीव वस्तूच्या अंगावर खड्डा किंवा सुरकुती राहते. बुडातून घेतलेले शिसे या सायीच्या खालचे, म्हणजे निर्मळ असते. मोठमोठ्या पोलादाच्या कारखान्यांतून टनावारी पोलाद ओतणाऱ्या पात्राला बुडाशी तोटी आणि आत अडसराचा दांडा याच हेतूने असतो. आपले ९ किलोंचे पात्र हे त्याचेच धाकटे भावंड.

छापखान्यांच्या जगात हीच विद्या फार पुढे गेली होती. नाशिकचे छापखाने आपले खिळे स्वतः ओतीत नसत. ते मुंबई-पुण्याच्या ओतशाळांतून येत आणि झिजले की वजनावर परत जात. पण त्या ओतशाळांतील यंत्रात एक शिशाचे कुंड, त्यात दट्ट्या, आणि दट्ट्याने रेटलेले शिसे मातृकेच्या, म्हणजे अक्षराच्या साच्याच्या, मुखाशी पोचवणारी बारीक तोटी अशीच रचना असे. खिळ्याचे शिसे नुसते शिसे नसते. त्यात अँटिमनी आणि कथील मिसळलेले असते. ओळीच्या ओळी ओतणाऱ्या यंत्राच्या मिश्रणात शेकडा ८४ शिसे, १२ अँटिमनी आणि ४ कथील हे ठरलेले प्रमाण, आणि शुद्ध शिसे ३२७ अंशांना वितळत असताना हे मिश्रण २४० अंशांच्या आसपासच पाणी होते. गोळी ओतणारे लोक रद्दीत निघालेल्या खिळ्यांच्या शोधात का असतात त्याचे मर्म यातच आहे: अँटिमनीने धातू कठीण होतो, कथिलाने तो साच्याच्या कोपऱ्यापर्यंत नीट पोचतो. मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांनी आयुष्याचा मोठा भाग खिळे ओतणाऱ्या यंत्राच्या पाठीमागे, आधी लंडनला आणि नंतर न्यूयॉर्कला घालवला, आणि त्या खटपटीचे महत्त्व आपल्याला आज नीटसे कळत नाही याचे कारण असे की खिळाच आता नाहीसा झाला. ओतयंत्रावर बसणाऱ्या कारागिराचा दिवस मात्र तोटी आणि दट्ट्या साफ करण्यापासून सुरू होई. ज्या दिवशी तो आळस करी त्या दिवशी तोटी एक तर तुंबे, नाही तर भलतीकडून शिशाची पिचकारी उडे.

आता गळतीकडे. पाण्याच्या नळाला गळती लागली की आपण वायसर बदलतो. रबराचा तो चकतीएवढा तुकडा मधल्या कणाला आपल्या अंगात सामावून घेतो आणि फट बुजवतो. शिशाच्या पात्रात रबर टिकत नाही, म्हणून तेथे लोखंडावर लोखंड बसते, आणि लोखंड कोणालाच आपल्या अंगात सामावून घेत नाही. राळेच्या कोळशाचा, मातीचा किंवा मुरदाडशिंगाचा एखादा कण बैठकीवर राहिला की सळई त्या कणाच्या उंचीने वर राहते, आणि तेवढी फट शिशाला पुरेशी होते. तरीही शिसे या कामी आपल्या बाजूचेच म्हटले पाहिजे. द्रवरूप शिशाचा पृष्ठताण पाण्याच्या सुमारे सहापट असतो आणि मळकट लोखंडाला ते चिकटत नाही. त्यामुळे फट जर केसासारखी अरुंद असेल तर त्यात शिरण्याऐवजी ते तोंडाशी फुगून थांबते. पात्रात शिशाची उंची १० सेंटिमीटर धरून हिशेब मांडला तर मिलिमीटरच्या शंभराव्या पाच-सहा भागांपर्यंतची फट ते आपणहून ओलांडणार नाही असे दिसते. कागदाचे साधे पान याच्या दुपटीने जाड असते. याचा अर्थ असा, की बैठक अगदी आरशासारखी गुळगुळीत नसली तरी चालते. पण कागदाच्या अर्ध्या जाडीहून मोठा कण मात्र चालत नाही.

येथे एक कोडे उभे राहते, आणि या प्रकरणातला खरा मजकूर तेच आहे. द्रवरूप शिशाची घनता साडेदहाच्या थोडी वर. वाळूची अडीचपेक्षा किंचित जास्त, लोखंडाची पावणेआठ, शिशाच्याच भस्माची नऊ-साडेनऊ. म्हणजे जो जो कचरा म्हणून मनात येईल तो तो शिशापेक्षा हलका, आणि हलका पदार्थ तर वर तरंगायला हवा. मग तो बुडाशी असलेल्या बैठकीपर्यंत पोचतो कसा? वाट दोन प्रकारची आहे. पात्राच्या भिंतींना आणि सळईच्या अंगाला चिकटलेली काजळी व राख तरंगायला मोकळी नसते. ढवळताना पळीने ती भिंतीवरून खरवडली जाते, खाली दाबली जाते, आणि कोपऱ्यात अडकून बसते. दुसरी वाट अधिक घातक आहे. काम संपले म्हणून पात्र शेवटच्या थेंबापर्यंत रिते केले, की वर तरंगणारी सगळी साय पातळीबरोबर खाली उतरत उतरत अखेरीस तळावर, तोटीच्या भोवती पसरते; त्यावर दुसऱ्या दिवशी थंड शिशाचे ठोकळे रचले आणि वीज सुरू केली की ती साय ठोकळ्यांच्या खाली कोंडली जाते आणि पहिल्याच धारेबरोबर बैठकीवर येते. ज्या पात्राला ‘सदोष’ म्हणून विक्रेत्याकडे परत पाठवण्याची तजवीज चाललेली असते, त्या पात्राचा दोष पुष्कळदा एवढाच असतो, की त्याचा मालक काटकसरी आहे आणि शेवटचा थेंबही मागे ठेवत नाही. दोन बोटे शिसे पात्रात राहू द्यावे आणि तसेच गोठू द्यावे.

घनतेच्या याच आकड्यांतून दुसरीही एक गोष्ट निघते, जी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरी वाटत नाही: लोखंड शिशावर तरंगते. सळई पोलादाची, म्हणजे ती शिशात बुडून बसलेली नसून वर येण्यासाठी धडपडत असते, आणि तिला खाली धरून ठेवतो तो तिचा वर उरलेला भाग आणि दांड्याचे वजन. त्यात भर म्हणजे १० सेंटिमीटर शिशाचा दाब मीटरभराहून उंच पाण्याच्या स्तंभाइतका. पात्र काठोकाठ असताना गळते आणि अर्ध्यावर आले की थांबते, अशी तक्रार असेल तर सळईच्या डोक्यावर थोडे वजन चढवून पाहावे. एखादा जाड नट किंवा भोक पाडलेला शिशाचा लगडा तेथे अडकवला की पुष्कळांची गळती तेवढ्यावर मिटते. ओतणाऱ्यांमध्ये हा उपाय इतका सर्वतोमुखी आहे की काहींनी त्याला दुरुस्ती म्हणण्याचेच सोडून दिले आहे.

गळती ऐन कामात सुरू झाली तर पहिला उपाय सळई तिच्या जागीच फिरवण्याचा. बऱ्याच पात्रांत सळईच्या माथ्यावर पेचकसासाठी खाच ठेवलेली असते; दांडा खाली असताना पेचकस लावून सळई दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा वळसा फिरवली की मधला कण भरडला जातो किंवा बाजूला सरकतो. मग दांडा पूर्ण उचलून क्षणभर भरधार सोडावी, म्हणजे भरडलेला भाग वाहून जातो. ही धार अर्थातच कोरड्या लोखंडी थाळीत घ्यायची, फरशीवर नव्हे.

एवढ्याने भागले नाही तर पात्र रिते करून, निवल्यावर, उघडावे लागते. सळई बाहेर काढून टोकावरची काजळी पॉलिश पेपरने पुसली की टोकाचा शंकू दिसू लागतो, आणि त्या शंकूवर बैठकीने उमटवलेले वर्तुळ शोधणे हे पुढचे काम. टोक काजळीच्या दिव्यावर धरून काळे करावे, बैठकीत बसवून एकच वळसा द्यावा आणि उचलून उजेडात पाहावे. काजळी सर्व बाजूंनी सारखी पुसली जाऊन अखंड कंगण उमटले असेल तर बैठक चांगली आहे आणि दोष केवळ कचऱ्याचा होता. कंगण एका बाजूला ठळक आणि दुसऱ्या बाजूला नाहीसेच झाले असेल तर सळई वाकडी आहे किंवा तिला वर धरणारी पट्टी सरकलेली आहे; तेथे घासत बसण्यात अर्थ नाही, पट्टीचे स्क्रू सैल करून सळई आपल्या भाराने जेथे बसते तेथे तिला बसू द्यावी आणि मग स्क्रू आवळावेत. कंगण तुटक असेल, मधूनमधून खळगे दिसत असतील, तर मात्र घासण्याला पर्याय नाही.

घासण्याची रीत नाशिकच्या कोणत्याही मोटार गॅरेजमधल्या पोऱ्याला माहीत आहे, कारण इंजिनाचे व्हॉल्व्ह बसवताना तो नेमके हेच करतो. टोकाला ग्राइंडिंग पेस्टचा ठिपका लावावा, सळई बैठकीत ठेवून तळहातांमध्ये रवीसारखी पुढेमागे फिरवावी, अधूनमधून उचलून जागा बदलावी, म्हणजे एकाच ठिकाणी चरे पडत नाहीत. आधी जाड पेस्ट, मग बारीक. आवाज खरखरीतून मऊ झाला आणि टोकाभोवती धुरकट रंगाचे एकसंध कंगण आले की थांबावे. अधिक घासल्याने बैठक रुंद होते, आणि रुंद बैठकीवर कण अडकण्याची जागाही रुंद होते, हे उत्साही माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. यानंतर रॉकेलच्या चिंधीने पेस्टचा अंशही उरणार नाही इतकी सफाई करावी, कारण उरलेली पेस्ट म्हणजे आपणच विकत आणून घातलेला कचरा. तोटीच्या भोकातून तार फिरवावी. आणि पात्र पुन्हा भरण्याआधी ते रिकामेच मंद तापवून रॉकेलचा व दमटपणाचा मागमूस घालवावा.

दमटपणाच्या संबंधात नाशिकच्या पावसाळ्याचा उल्लेख करणे प्राप्त आहे. आषाढ-श्रावणात पडवीत ठेवलेल्या शिशाच्या ठोकळ्यांवर ओल धरते, भंगारातून आणलेल्या तुकड्यांच्या खळग्यात पाणी साचलेले असते, आणि असा तुकडा वितळलेल्या शिशाखाली बुडाला की त्या पाण्याच्या थेंबाची क्षणार्धात वाफ होऊन ती सुमारे १,७०० पट जागा मागते. ती जागा तिला वरचे शिसे उडवूनच मिळते. हातमोजे, डोळ्यांवर काच आणि पायात जोडे यांवाचून या कामाला बसणाऱ्याला धीट म्हणण्याची पद्धत आहे; मी ती पाळत नाही. ठोकळे आधी पात्राच्या काठावर ठेवून गरम करून घ्यावेत, मग आत सोडावेत. शिशाच्या विषाबद्दलचा सामान्य समज असा, की ते वाफेतून अंगात शिरते. ओतकामाच्या आचेवर शिशाची वाफ फार थोडी निघते, खरा शत्रू आहे तो सायीची कोरडी भुकटी, आणि ती हाताकडून तोंडाकडे जाते. तंबाखू मळणाऱ्याने यातून घ्यायचा तो बोध घ्यावा. लहान मुले तर त्या जागेच्या आसपासही नकोत.

पुन्हा गळती लागू नये असे वाटत असेल तर भंगार सरळ या पात्रात घालण्याची वहिवाट मोडावी लागते. गाडीच्या चाकांची वजने, जुने नळ, मातीत माखलेले तुकडे यांसाठी एक वेगळी जाड लोखंडी कढई असावी. त्यात शिसे वितळवून, मेणाचा खडा किंवा थोडा भुसा टाकून, ढवळून, वर आलेली मळी झाऱ्याने काढून स्वच्छ शिशाचे ठोकळे पाडावेत आणि तेवढेच ठोकळे तोटीच्या पात्रात जावेत. भुशाची राख कढईत निरुपद्रवी असते, तोटीच्या पात्रात तीच अनर्थाचे मूळ होते. आच शक्य तेवढी कमी ठेवावी. ४०० अंशांपलीकडे साय झपाट्याने वाढते आणि मिश्रणातले महाग कथील तिच्यात आधी जळते.

याउलट ज्या उद्योगात शिशाचे गळणे हेच भांडवल ठरले असा एक उद्योग होऊन गेला, आणि तो सांगितल्यावाचून राहवत नाही. इंग्लंडात ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स नावाच्या गृहस्थाने १७८२ साली पेटंट घेतले ते अशा युक्तीचे, की वितळलेले शिसे चाळणीतून उंचावरून थेंबाथेंबाने पडू द्यायचे. हवेत पडतापडताच पृष्ठताणाने थेंब वाटोळा होतो, गोठू लागतो, आणि खालच्या पाण्याच्या हौदात त्याचा छरा होऊन पडतो. त्यासाठी त्याने आपल्या घरावर मनोरा चढवला आणि खाली तळघर खोदले. त्याच्या चाळणीला कोणी ‘गळते’ म्हणून नावे ठेवली असती तर त्याने पाठ थोपटूनच घेतली असती.

घासून, सरळ करून, वजन चढवूनही ज्या पात्राची तोटी तासाला पाच-दहा थेंब सोडीत राहते, त्याची सळई नवी करून पाहावी. लेथवर टोक कातून घेणे हे सातपूर-अंबडच्या कुठल्याही छोट्या कारखान्यात तासाभराचे काम आहे, फक्त शंकूचा कोन जुन्याबरहुकूम राहील याची ताकीद द्यावी. त्यानेही भागले नाही तर जुने जाणते ओतणारे जे करतात ते करावे: तोटीखाली एक लहान कोरडी लोखंडी वाटी ठेवावी, आणि ती भरली की थिजलेली टिकली उचलून पुन्हा वरून पात्रात टाकावी.